तुपातली वात आणि माझी वाफेची टाकी

पिनर,
रविवार, १५ फेब्रुवारी

ब्रॅकनेलनिवासी, अस्थिसंधानप्रवीण, नोकरीतून निवृत्त पण सल्ले देण्यातून अद्याप न निवृत्त झालेले श्रीमान अंबरीश यांस पिनरच्या मोहनचा साष्टांग नमस्कार (म्हणजे उजवा गुडघा वाकतो तितका. तो तुझ्याच जातकुळीतल्या एका सर्जनने बदलला आहे, तेव्हा जास्त बोलत नाही).

प्रथम, पाकीट बघून दचकू नकोस. आपल्या वयात हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट आलं की माणूस आधी कोण गेलं ते शोधतो. कुणी गेलेलं नाही. व्हॉट्सॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू नेहमीप्रमाणे न वाचता अंगठा पाठवला असतास. शिवाय सोबत एक लहानशी वस्तू आहे, ती व्हॉट्सॅपवरून जात नाही.

तुझा खोकला कसा आहे? मागच्या रविवारी फोनवर तू त्याला धुळीची अॅलर्जी म्हणालास. पंधरा दिवस पाऊस लागून राहिलेला असताना ब्रॅकनेलमध्ये तू ही धूळ कुठून मिळवतोस ते एकदा सांग. दिवाळीला आमच्याकडे आला होतास तेव्हाही खोकतच होतास. फराळ झाल्यावर आपण माझ्या शेडमागे थंडीत जाऊन एकेक पेटवली, आणि बहात्तर वर्षांचे दोन डॉक्टर असे चोरासारखे उभे आहेत याची लाज वाटून शपथ घेतली की गुढीपाडव्यापर्यंत दोघांनीही सिगरेट सोडायची. प्रमोदिनीने बांधून दिलेल्या चकल्या तुला तीन दिवस पुरल्या. शपथ दोन दिवस पुरली. (सुलक्षणावहिनींनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.) पण आज मला सिगरेटशिवाय एकेचाळीस दिवस झाले, आणि ते कसं जमलं हे तुला सांगावं, म्हणजे तुझीही शपथ मार्गी लागेल, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. मला सवय तू लावलीस, तेव्हा तुझी सोडवायचा पहिला हक्क माझा आहे.

आमच्या घरची परिस्थिती तुला ठाऊकच आहे. गेली वीस वर्षं मी दिवसातून चारदा ‘कंपोस्ट हलवायला’ शेडमागे जातो. इतक्या मनापासून कंपोस्ट करणारा माणूस आपण पाहिला नाही, असं शेजारीण सगळ्या गल्लीला सांगते. प्रमोदिनी तीस वर्षं जीपी होती. हॅरोतल्या शेकडो लोकांच्या सिगरेटी तिने सोडवल्या, फक्त घरचा पेशंट तिच्या यादीत कधी नाव घालून देत नव्हता. दिवाळीनंतर मी पट्ट्या लावून पाहिल्या, अंगाला खाज सुटली. निकोटिनचा गम चघळून पाहिला, दाताची टोपी निघून आली. मग उरली ती वाफ.

आता वाफेचंही एक शास्त्र आहे, ते तुला समजेल इतपत सोपं करून सांगतो. एकदा ओढून फेकून द्यायची नळकांडी सरकारने बंद केली. भरून वापरायची मिळतात, पण त्यांच्या आतली कॉइल दर आठवड्याला जळते आणि नवी विकत आणावी लागते. तिसरा प्रकार म्हणजे आपल्या हाताने बांधायचा अॅटोमायझर. एक एवढीशी काचेची टाकी, तिच्या पोटात तारेचं वेटोळं, वेटोळ्यातून ओवलेला कापूस. कापूस लिक्विड शोषतो, खालच्या बॅटरीने तार तापते, वाफ होते. जळला की कापूस बदलायचा, कधीमधी तार बदलायची, टाकी जन्मभर तीच. जन्मभर चालेल म्हटलं की आपल्या पिढीचा माणूस विरघळतो. आइस्क्रीमचे डबे धुऊन त्यात आमटी भरून फ्रीझरमध्ये ठेवणारे आपण! शिवाय मी भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं लोकांना मापून वाफ दिली आणि परत जागंही केलं. ही अंगठ्याएवढी टाकी मला काय भारी पडणार, असं मला वाटलं.

तरी अकरा व्हिडिओ पाहिले आणि नाताळ उरकताच खरेदीला निघालो. दुकान पिनरमध्येही आहे, पण त्याच्या बरोबर समोर मराठी मंडळाच्या खजिनदारबाई राहतात, म्हणून मी थेट क्रॉयडन गाठलं. प्रमोदिनीला सांगितलं, कुशच्या व्हिसाचं काम आहे, तिथल्या ऑफिसात जाऊन येतो. ती ‘बरं’ म्हणाली. ट्राममध्ये बसल्यावर मला आठवलं की कुश आमचा नातू आहे, त्याचा जन्म वॉटफर्डचा आणि पासपोर्ट ब्रिटिश. तिलाही ते आठवलंच असणार, कारण त्याचं बारसं तिनेच केलं होतं.

दुकानात एखादा गोंदवलेला तरुण असेल असं वाटलं होतं. होती साठीची एक बाई, लोकरी कार्डिगन, गळ्यात साखळीला चष्मा. तिने विचारलं, “माउथ टू लंग, ऑर स्ट्रेट टू लंग, लव्ह?” म्हणजे वाफ आधी तोंडात धरायची की थेट छातीत ओढायची. माझा चेहरा पाहून तिला दया आली, आणि फुप्फुस कुठे असतं ते तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून मला समजावून सांगितलं. अंबरीश, किती हजार लोकांच्या श्वासनलिकेत मी नळ्या घातल्या असतील! मी मान डोलावून ऐकून घेतलं. (तू असतास तर तिथेच तिला माझी डिग्री सांगितली असतीस आणि आपल्याला दुप्पट भाव पडला असता.)

तिने तीन टाक्या मांडल्या. पहिली इतकी चकचकीत की ती तोंडात घालण्यापेक्षा लॉकरमध्ये ठेवावी. दुसरीत दोन कॉइली. तिने ओढून दाखवली तेव्हा वाफेच्या ढगात तिसरी कुठे आहे ते काही वेळ दिसेना. तिसरी सगळ्यांत स्वस्त. एकच कॉइल, लिक्विड वरून भरायचं, हवेची भोकं बारीक, त्यामुळे ओढताना सिगरेटसारखं घट्ट लागतं. सिगरेट सोडणाऱ्याला ढग काय करायचेत, नवशिक्याने हीच घ्यावी, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं मला पटलं, किंमत त्याहून जास्त पटली. मी एकाऐवजी दोन घेतल्या (दुसरीचं पुढे सांगतो). बॅटरी घेतली, तार घेतली, लिक्विड घेतलं. शेवटी तिने कापसाचं एक पाकीट पुढे केलं. पाच पौंड! आमच्या देवघराच्या कपाटात बारा महिने कापूस असतो, प्रमोदिनी दर रविवारी बसून वाती वळते, आणि मी पाच पौंडांचा कापूस विकत घेऊ? मी हसून ते पाकीट परत सारलं. पुढचं सगळं या हसण्याने घडलं.

तार बांधणं जमलं. एपिड्युरल देणारा हात अजून स्थिर आहे, फक्त स्क्रू एवढे बारीक की एक अजून गालिच्यात आहे आणि तिथेच राहील. प्रमोदिनी सोमवारी संध्याकाळी योगाला जाते. ती गेल्यावर मी देवघराचं कपाट उघडलं. चष्मा वर राहिला होता. हात आधीच लिक्विडने बरबटलेले. आत स्टीलचे दोन डबे होते, हाताला लागला तो उघडला, आतली पांढरी, सुबक, मऊ फुलवात उचलली, तिचं देठ पीळ देऊन वेटोळ्यातून ओवलं, उरलेलं दाबून बसवलं, टाकी भरली आणि मोठ्या समाधानाने एक झुरका घेतला.

एका डब्यात कोरड्या वाती असतात. दुसऱ्यात महिन्याभराच्या फुलवाती तुपात भिजवून ठेवलेल्या असतात. जानेवारीत तूप थिजतं आणि कापसासारखंच पांढरं दिसतं. हे मला चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं, ते एका झुरक्यात कळलं. निरांजन विझल्यावर येतो तो वास आठव, आणि तो नाकातून बाहेर येतोय अशी कल्पना कर. स्निग्ध पदार्थ फुप्फुसात ओढू नये हे मेडिकलच्या पोरालाही ठाऊक असतं. अर्धाच झुरका होता, तरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकलो. (तुझ्या धुळीच्या अॅलर्जीची तेव्हा फार आठवण आली.) वर जिन्यातला स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मी टॉवेलने त्याला वारा घालतोय तोवर दारात किल्ली वाजली.

प्रमोदिनी आत आली, काखेत योगाची चटई. तिने एकदा वास घेतला आणि तिचा चेहरा बघता बघता बदलला. अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, तुम्ही आज देवापाशी दिवा लावलात?”

मी काय सांगायला हवं होतं ते तू सांगू नकोस. मी म्हणालो, “हो.”

तिचे डोळे भरून आले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली. वरदाला, म्हणजे आमच्या लेकीला, फोन करायला तिने पर्समध्ये हातही घातला. फोन लावता लावता ती देवघराकडे वळली, आणि तिथे निरांजन घासूनपुसून पालथं ठेवलेलं, शेजारी उघडा डबा, आणि त्यात एका फुलवातीची जागा रिकामी. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मला इतकी लाज माझ्या फायनलच्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती.

तिने चटई ठेवली, हात धुतले, चष्मा लावला आणि टाकी हातात घेऊन दिव्याखाली धरली. पेशंटकडे बघायची तशी बघत होती. मग म्हणाली, “तूप राहू द्या, पण वात तरी अशी घट्ट कोंबतात का? तेल वर चढायला जागा नको? आणि टोकं विरळ करायची, ती तेलात नुसती टेकली पाहिजेत.” अकरा व्हिडिओंत जे मला कळलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. माझी तुपाळ तार फेकून मला नवी बांधायला लावली, टाकी गरम पाण्याने धुतली, कोरडा कापूस घेऊन तळहातावर हलकीशी वात वळली, ओवली, टोकं विंचरून जागेवर ठेवली. गळली नाही, जळली नाही. त्या संध्याकाळपासून मी कंपोस्ट फक्त कंपोस्टसाठी हलवतो, आणि शेजारणीला वाटतं माझी तब्येत बिघडली.

तेव्हापासून रविवारी देवाच्या वाती झाल्या की ती माझ्याही चार वळते. माझ्या डबीवर तिने लाल स्टिकर लावलाय. लिक्विडमधलं निकोटिन दर महिन्याला एक पायरी खाली आणायचं, आणि गणपतीपर्यंत ही टाकीसुद्धा शेडमध्ये जायची, असा तिचा हुकूम आहे. एकूण मी हे केलं ते थोडं कंजूषपणाने, थोडं बायकोच्या धाकाने, असं समज. सुलक्षणावहिनींना नमस्कार, तुझ्या नातवाला, विहानला, आशीर्वाद, आणि तुला काय द्यावं ते सुचत नाही म्हणून सोबत वाती.

तुझा,
मोहन

ता. क. पाकिटातल्या वाती कोरड्या आहेत. तरी वास घेऊन बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

ता. क. २. दुसरी टाकी तुझी आहे. क्रॉयडनलाच तुझ्यासाठी घेतली होती. पोस्टाने पाठवत नाही, कारण तू ती ड्रॉवरमध्ये टाकशील. मी स्वतः घेऊन येतो.

ता. क. ३. कंजूषपणा आणि धाक, हे वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. नोव्हेंबरमध्ये सुपरमार्केटच्या कार पार्कात फुप्फुस तपासायची व्हॅन आली होती. मला बोलावणं होतं, मी गेलो. आतल्या मुलीने “होल्ड युअर ब्रेथ” म्हटलं आणि मला श्वास धरता येईना, अंबरीश. मला भीती वाटली. उजव्या बाजूला एक ठिपका आहे. बहुधा काही नाही, म्हणाले, तीन महिन्यांनी परत बघू. ते परत बघणं गुरुवारी, २६ तारखेला दुपारी आहे. आणि जीपीने लिहून दिलेला छातीचा स्कॅन तू दोनदा रद्द केलास, तो वहिनींनी तिसऱ्यांदा ठरवलाय, त्याच गुरुवारी सकाळी. सकाळी मी तुझ्याबरोबर येतो, दुपारी तू माझ्याबरोबर ये. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. एकोणऐंशी साली बाबा गेल्याची तार आली, मला रजा मिळाली नाही, आणि मी हॉस्पिटलच्या मेसमागे बर्फात उभा होतो, तेव्हा तू तुझा कोट माझ्या खांद्यावर टाकलास, एक सिगरेट पेटवून हातात दिलीस आणि तासभर काही न बोलता उभा राहिलास. औषध वाईट होतं, पण तू होतास म्हणून तो दिवस गेला. गुरुवारी नऊला हॉर्न वाजवीन. बूट घालून तयार राहा.

अंबरीशभावजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. एकेचाळीस दिवस नव्हेत, नऊ. दुसऱ्या स्कॅनचं पत्र आलं त्या दिवशी हे शेडमागे जाऊन आले. मी खिडकीतून पाहिलं, बोलले नाही. यांना वाटतं मला कळलं नाही, तसंच राहू द्या. गुरुवारी मात्र तुम्ही नक्की या.
— प्रमोदिनी