लिंपलेली ढोली

१२ एप्रिल
आलो बाई एकदाचे पुनावळ्यात! सामान अजून बांधलेलंच आहे, पण मला गॅलरी मिळाली, मी खूश. गोजामावशींच्या घराचा वरचा मजला आमचा. त्या इथल्या जुन्या. शेतात इमारती उठल्या, पण घरामागचा आंबा त्यांनी कुणाला तोडू दिला नाही. प्रीतमची चाकणला फर्स्ट शिफ्ट, तो पहाटेच कंपनीच्या बसनं जातो. मला आठवा लागलाय, डॉक्टरांनी जिना बंद केलाय. माय असती तर बाळंतपणाला नांदेडला गेले असते. असो. इथंच होईल आणि झकास होईल.

१५ एप्रिल
आंब्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं घरटं आहे! गॅलरीतून काठी पुरेल एवढ्यावर. मादी स्वतःला आत कोंडून घेते, ढोलीचं तोंड आतून चिखलानं लिंपते आणि एवढीशी फट ठेवते. आत तिची पिसंही गळतात. नर बिचारा दिवसभर फटीतून उंबरं भरवतो. त्याच्या डोळ्याला आपल्यासारख्या लांब पापण्या आहेत, कसला देखणा दिसतो. नवरा असावा तर असा, म्हटलं प्रीतमला. तर म्हणाला, तुलाही कोंडतो आणि फटीतून वडापाव देतो. मेला!

२१ एप्रिल
फोटो शंभर काढले, पण पिल्लांची तोंडं काही दिसेनात. नुसती चिरचिर ऐकू येते. गोजामावशी खालून ओरडल्या, बाळंतीण हाय ती, बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावतं व्हय? पाचवी पुजल्याबिगर आमी लेकराचा फोटूसुदीक काढत न्हाई. मी हसून हो म्हटलं. त्या दळण आणायला गेल्या तशी कपडे वाळत घालायची निळ्या टोपणाची काठी घेतली आणि फटीची कड उकरली. थोडीच. फोटो काय आलाय म्हणून सांगू! तीन गुलाबी पिल्लं, चोची वासून.

२२ एप्रिल
ढोली रिकामी आहे. सकाळी कावळ्यांचा नुसता कालवा होता, मी उठून गॅलरीत जाईपर्यंत सगळं संपलं. मादीला उडताही येत नव्हतं. नर उंबर चोचीत धरून संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होता. फार रडले. मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, उघडलंस तू, आता त्यो भरवील कुणाला?

२९ एप्रिल
नर आता आमच्या बेडरूमच्या खिडकीशी येतो. गजावर उंबर ठेवतो आणि माझ्याकडे बघत बसतो. प्रीतम म्हणतो, लाड करून घे. मला हसू येत नाही. केस मुठीमुठीनं गळतायत.

६ मे
खिडकीच्या कडांना चिखल लागलाय. बाहेरून नाही, आतून. पुसून काढला. प्रीतमला वाटतं पावसाची ओल असेल. पाऊस कुठाय?

१० मे
पुन्हा चिखल. जास्त. गॅलरीतल्या कुंड्या रिकाम्या, तुळससुद्धा उपटलेली. माझ्या नखांत माती आहे. मी काही केलं नाही. मला आठवत नाही. प्रीतमला सांगितलं, तो घाबरला, उद्यापासून रजा टाकतो म्हणाला. साहेबांनी दिली नाही.

१४ मे, दुपार
डोळा लागला होता. उठले तर दार लिंपलेलं. खिडकी पण. हात कोपरापर्यंत चिखलात. मोबाईल स्वयंपाकघरात राहिला. दाराला बोटभर फट आहे तेवढीच. हाका मारल्या, मावशी आळंदीला गेल्यात. चिखल उकरायला गेले तर हात उचलवत नाहीत. कळा सुरू झाल्या, माय गं—

नंतर
फटीतून उंबर आत पडलं. एक, मग आणखी एक. खाल्लं. भीती वाटत होती तरी खाल्लं—

लेक झाली. रडली. पदरात गुंडाळलीय. माझी चिमणी. प्रीतम, लवकर ये रे—

फटीशी डोळा आहे. लांब पापण्या. माणसाच्या उंचीवर. मिटत नाही.

बघू नको म्हटलं. हात जोडले. पाचवी झाली नाही अजून, लेकराला बघू नको—

उजेड चमकला. फोटो काढतंय कुणीतरी.

काठीचं टोक आत आलं. निळं टोपण. माझीच काठी. कड उकरतंय. बाहेर कावळे ओरडायला लागलेत. पोरीला पोटाखाली घेतलंय, मला उठता येत नाही, अहो नका ना, मी पण थोडीच उकरली होती, थोडीच—