एक्सलचा बूट आणि करडईचं तेल

शिरूर अनंतपाळ,
सोमवार

प्रिय मनू,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस आणि तुझे अप्पा मागून ओरडले असते, म्हणून लिहायला बसले. आपली जुनी मारुती भंगारात जाणार नाही! नीलाबाईंनी ती वाचवली. नीलाबाई म्हणजे मीच, तुझी आई. पण आज मला स्वतःलाच अहो-जाहो करावंसं वाटतंय.

तुला अर्धंच माहीत आहे. पुढच्या डाव्या चाकाच्या आतून काळं काहीतरी येत होतं. स्टँडजवळच्या मेस्त्रीनं उभ्याउभ्या निकाल दिला, गिअरबॉक्स गळतोय, गाडी गेली. अप्पांनी मान डोलावली आणि भंगारवाल्याला रविवारचा वायदा देऊन मोकळे झाले. मला तर गाडी हवीच होती. का, ते शेवटी सांगते. मी म्हटलं, जरा थांबा, मी बघते. तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? भाकरी हाय का ती?" झालं, माझं डोकं फिरलं.

दुपारी ते घोरायला लागल्यावर मी चाक पूर्ण वळवून ठेवलं, पोतं अंथरलं आणि पदर खोचून आत डोकं घातलं. शेजारच्या लक्ष्मीबाईंना नुसते माझे पाय दिसले. त्यांनी अशी बोंब ठोकली की अर्धी गल्ली गोळा झाली! पण मी काही बाहेर आले नाही. बोट लावून बघितलं, तर तेल नव्हतंच ते, घट्ट ग्रीस होतं. जमिनीवर थेंब नव्हता, चाकाच्या आतल्या बाजूला मात्र गोल शिंतोडे. जन्म चुलीपुढं गेलेल्या बाईला एवढं कळतं की तेल असतं तर खाली ओघळलं असतं. हे उडत होतं, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूतून येत होतं. चाकाला फिरवणारा दांडा, म्हणजे एक्सल, त्याच्या सांध्यावर रबराची घड्याघड्यांची टोपी असते, तिला बूट म्हणतात. तिच्या एका घडीत माझं अख्खं बोट गेलं. बूट फाटला होता, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन गाडी लातूरला शिवप्रसादच्या गॅरेजात नेली. तो म्हणाला, बूट फाटलाय हे खरं, पण आतला सांधा झिजला असेल तर वळताना कटकट वाजेल. मग मी स्टिअरिंग पूर्ण वळवून मैदानात चकरा मारल्या आणि अप्पा त्यांचा ऐकू येणारा कान खिडकीबाहेर काढून बसले. काही वाजलं नाही. त्यांचं तोंड तू बघायला हवं होतंस! शिवप्रसादनं सांधा पेट्रोलनं धुतला, नवं ग्रीस भरलं, नवा बूट चढवला. शेवटची पट्टी मी माझ्या हातानं आवळली.

जुना बूट फुगून चिकट झाला होता. ह्याला तेल कोण लावतं, असं शिवप्रसादनं विचारलं आणि मी अप्पांकडे बघितलं. आठवतं ना, दर दसऱ्याला पूजा झाली की अप्पा बाह्या सारून गाडीखालच्या रबरांना करडईचं तेल चोळायचे? आजोबा बैलगाडीच्या आसाला घालायचे, म्हणून हे मारुतीला. "अप्पा, बैलगाडी न्हाई ही, तेलानं रबर सडतंय," शिवप्रसाद म्हणाला. आमचे महाराज हार मानतात होय! "मग लिंबू तरी ठिवावं का न्हाई चाकाखाली?" येताना गाडी मी चालवली आणि अप्पा शेजारी चक्क झोपले. माझ्या गाडी चालवण्यावर त्यांनी इतका विश्वास ह्याआधी कधी दाखवला नव्हता. काल भंगारवाला आला, चहा पिऊन गेला.

आता का ते ऐक. तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, तिकडं दवाखाना लांब, दारात धड गाडी नाही, बाळंतपण पुण्यातच होऊ दे. त्यांचं चुकलं नव्हतं. मी बरं म्हटलं आणि न्हाणीत जाऊन रडले. पहिल्या खेपेला लेक माहेरी येणार नाही, हे मला सोसवेना. तू त्या दिवशी फोन लगेच ठेवून दिलास, तेही सोसवेना. आज पहाटे उठून मी एकटी लातूरच्या दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी नेऊन आले. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, गाडी आहे, चालवणारीही आहे. सातवा लागला की जावईबापूंबरोबर रेल्वेनं लातूरला ये. स्टेशनबाहेर आपली मारुती उभी असेल, मागच्या सीटवर उशी, चाकाखाली लिंबू आणि स्टिअरिंगवर मी.

तुझीच,
गाडीवाली आई