अप्पांचं धुऊन प्यायलेलं ताट

अव्वा,

तू गेल्यावर माझ्या घरात एक यंत्र आलंय, त्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं तुला कळेल. लहान पेटीएवढं आहे, समोर काचेचं दार. आत वाटी ठेवायची, बटण दाबायचं, की जाळ नाही, धूर नाही, आणि बघता बघता वरण उकळायला लागतं. मायक्रोवेव्ह म्हणतात त्याला. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, "ह्यात काय भूत बसलंय का ग?" तुझा जावई बिदरजवळच्या कोळारच्या कंपनीत आहे. तिथल्या एका साहेबाची बदली झाली, त्यानं जाताना स्वस्तात देऊन टाकलं. दोन वर्षं झाली, भात, वरण, वांग्याची भाजी, दूध, सगळं मी ह्याच्यातच करायलेय. जावयाचा ओव्हरटाईम बंद झाला होता, सिलिंडर सांगायचा म्हटलं की मी डब्यातले पैसे मोजत बसायची, आणि इकडं आपल्या कर्नाटकात सरकारनं ठरावीक युनिटांपर्यंत लाईटबिल माफ करून टाकलं. उदगीरच्या नणंदेला हे सुख नाही, ती अजून जळते माझ्यावर. मग मी डोकं चालवलं. फुकटच्या लाईटवर शिजवायचं आणि विकतचा गॅस झाकून ठेवायचा. मीटरवर तेवढा डोळा ठेवावा लागतो, हद्द ओलांडली की बिल आलंच. एक सिलिंडर मी चार महिने पुरवला आणि गल्लीभर सांगत फिरले. तुझीच लेक, मिरवणार नाही तर काय!

फक्त भाकरी त्यात होत नाही. भाकरीला तवाच लागतो. म्हणून मी रविवारी एकदाच गॅस पेटवून आठवड्याच्या भाकरी थापायची, फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि रोज पाण्याचा हात लावून मायक्रोवेव्हमध्ये गरम करून वाढायची. ताटात पडते तेव्हा वाफ असते, मऊ लागते. दोन घास होईपर्यंत ती वातड होते. मला आणि ह्यांना चालून जायचं. आमचे दात आहेत अजून.

अप्पा माझ्याकडं आले ते मागच्या वर्षी, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. चिटगुप्प्याच्या आपल्या घरात एकटे किती दिवस राहणार? सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा, मग जेवण, सगळं तुझ्या वेळेसारखंच चालू होतं. आणि जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटांनी कडेकडेनं धुऊन, ते पाणी पिऊन टाकायचं. प्रसाद आहे, एक शीतसुद्धा वाया घालवायचं नाही. लहानपणी आपल्याला हे करताना दुसऱ्या पोरी हसायच्या तेव्हा मी तुझ्यावर चिडायची, आठवतं? आता मात्र अप्पांचं ते लख्ख ताट उचलताना मला बरं वाटायचं. म्हातारा पोटभर जेवला, असं म्हणून मी ते घासायला टाकायची. आधी दोन भाकरी घ्यायचे, मग एक झाली, मग अर्धी. "बास ग, आता वय झालं," म्हणायचे. मला वाटलं, खरंच वय झालं.

गेल्या महिन्यात धोतर नेसता नेसता ते भिंतीला टेकले आणि खाली बसले. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई तरुण होती, कन्नडात विचारायला लागली, नीट जेवतात का? मी ठसक्यात सांगितलं, ताट धुऊन पितात आमचे अप्पा, कण ठेवत नाहीत. तिनं त्यांना काट्यावर उभं केलं आणि मागचा कागद बघितला. ऑपरेशनच्या वेळेपेक्षा सात किलो कमी. मग तिनं टॉर्च लावून तोंडात बघितलं आणि मला जवळ बोलावलं. दात पडलेल्या हिरड्या, जागोजागी सोललेल्या, अव्वा.

घरी आल्यावर मी भांडायलाच बसले. माझा स्वभाव तुला माहीत आहे, भीती वाटली की मी ओरडते.

"अप्पा, भाकरी चावत न्हाई तर सांगायचं न्हाई व्हय? कामून गप बसलाव तुमी?"

"चावत न्हाई ते ताटात टाकावं लागलं असतं. टाकायचं न्हाई आपल्यात. मंग घ्यायचंच कमी, त्यात काय?"

"आन् उपाशी ऱ्हायलाव ते?"

"उपाशी कुठं? वाटीभर वरण मिळायलंय की. तूच म्हणलीस, गॅस परवडत न्हाई. जावयाचा पगार कमी झालाय, त्यात मी म्हाताऱ्यानं गरम भाकरी मागायची व्हय?"

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

तिथं मला आपली खानावळ दिसत होती. बाजाराचा दिवस आहे, तू चुलीपुढं बसलीयस, मी दहा वर्षांची, पिठाचे गोळे करून देतेय आणि मधूनच ताटं वाढतेय. निर्ण्याहून बैल विकायला आलेला एक म्हातारा कोपऱ्यात बसलाय. घाईत मी त्याला दुरडीतली सकाळची भाकरी वाढते. तू पिठाच्या हातानं उठून येतेस, ताटातली भाकरी उचलतेस, तव्यावरची टाकतेस, आणि सगळ्या लोकांसमोर मला म्हणतेस, "म्हाताऱ्या माणसाला गार भाकरी वाढायलीस? त्येच्या तोंडात दात किती हायत बघितलीस का?" मी मागच्या दारी जाऊन रडले होते. तू समजूत काढायला आली नाहीस, तुझ्या तव्यावर भाकरी होती. भाकरीवर माझा राग बसला तो तेव्हापासून. पुढं तुझा खोकला वाढला, बिदरच्या डॉक्टरनं बाई बिडी ओढते का म्हणून विचारलं, आणि अप्पा त्याच्यावर भडकले, "बिडी न्हाई, चूल वढलीय तिनं वीस वर्षं!" तू गेलीस त्या दिवशी मी मनाशी म्हटलं होतं, मी काही भाकरी थापत जन्म काढणार नाही.

आता रोज सकाळी गॅस पेटवते. अप्पांना पाटावर बसवते, तव्यावरची भाकरी दुधात कुस्करून देते. पण ते अर्धीच खातात. पोटाला सवय राहिली नाही म्हणते डॉक्टरीण, हळूहळू येईल, नाहीतर नाही येणार. वजन दोन आठवड्यांत पाव किलोसुद्धा वाढलेलं नाही. आणि घास तोंडात असतानाच ते मान वळवून मला सांगतात, "गॅस बंद कर ग, झालं माझं." काल निर्ण्याहून चुलतभाऊ भेटायला आला होता. खंगलेल्या अप्पांना बघून तो माझ्याकडं बघायला लागला. तर अप्पाच त्याला सांगायले, माझी लेक किती काटकसरीनं संसार करायलीय बघ, तिच्या आईवर गेलीय. मी आत चहा करत होते. बाहेर जाऊन काही बोलायला पाहिजे होतं. चहा दिला आणि परत आत आले.

अव्वा, ओव्हरटाईम बंद होता तो पाचच महिने. मागच्या उन्हाळ्यातच तो परत सुरू झाला, अप्पा यायच्या आधी. रोज एका माणसाच्या दोन भाकरींचा गॅस मला केव्हाही परवडत होता. मला थापायच्या नव्हत्या, एवढंच. महागाईचं नाव सांगितलं की कुणी पुढं विचारत नाही, हे मला कळलं होतं. आणि ते बिचारे माझ्या गरिबीसाठी म्हणून उपाशी राहिले.

त्यांना हे मी सांगितलेलं नाही. सांगेन असंही वाटत नाही. तुला सांगितलं, कारण तू त्यांना जाऊन सांगू शकत नाहीस.