मशीनचा नाश्ता

लातूर,
१४ डिसेंबर २०२४

महेबूबचाचा,

आदाब. वहिदाचाचींचे गुडघे कसे आहेत? इथे सकाळी हात गारठतात. नांदेडलाही तसंच असेल.

कारखान्यात रोबो आला. पंपाच्या कास्टिंगच्या कडांवरची कुसळं तुम्ही कानशीने घासायचात, ती आता तो काढतो. हत्यार फिरवणारा त्याचा स्पिंडल मुठीत मावेल एवढा, पण मिनिटाला चाळीस हजार फेरे! काल पुण्याच्या इन्स्पेक्टरने सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे लातूरला झालंय?" चाचा, ऊर भरून आला. प्रोग्राम मी आणि ऋतुजाने बसवलाय.

ऋतुजा नवी ऑपरेटर. पहिली पंधरा मिनिटं स्पिंडल हळू फिरवून तापवायचा, प्रोग्रामच्या त्या भागाला मी 'नाश्ता' नाव दिलंय. तिने विचारलं, "मॅडम, हे कुठलं नाव?" मी तुमचं बोलणं सांगितलं: "बाई, उपाशी बैल आन् ठंडी मशीन, दोन्ही लाथ मारतेत. पहले नाश्ता!" ती पोट धरून हसली. मला हसता आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी नावं कोरायच्या मशीनचा स्पिंडल तुमच्या पाळीत जळला. रजिस्टरात सकाळच्या नाश्त्यापुढे बरोबरची खूण होती, म्हणजे मशीन नीट तापवलेली, म्हणून बोल तुम्हाला लागला. ज्या हाताने नांदेडच्या बाजारात वीस वर्षं भांड्यांवर नावं घातली, त्या हाताला! "उमर झाली," एवढंच म्हणून तुम्ही गेलात.

ती खूण माझी होती. नाश्ता मी दिला नव्हता. नावाच्या पाट्या घाईच्या होत्या, तुमच्या पाळीआधी थंड स्पिंडल मी एकदम पूर्ण वेगाने पळवला. डायरीत कितीदा लिहिलं: घाई होती, थंडी होती, बेअरिंग जुनं होतं. 'मी' मात्र कुठेच नव्हते.

आज सगळ्यांसमोर सांगितलं. मालक रविकांतसर म्हणाले, "मॅडम, आता कशाला उकरता?" तुमचा जोडीदार भीमा उसळला, "म्या तवाच म्हनलो व्हतो, चाचाचा हात तसा न्हाई!" रजिस्टर मागवून मी खुणेवर काट मारली, 'नाश्ता दिला नाही' लिहिलं, सही केली. पानाचा फोटो सोबत आहे.

यश आल्यावर कबुली सोपी जाते, हे मला कळतं. तरी रोबोचा अभिमान सोडवत नाही. फक्त त्याची पहिली पंधरा मिनिटं तुमची आहेत. एकदा या, कान लावून ऐका. आधी माझ्यावर रागवा, मग ऐका.

न दिलेल्या नाश्त्यापुढे खूण करणारी,
ज्योत्स्ना