'पाव' या शब्दाच्या खुलाशाबाबत

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी (प्रवेशपास विभाग),
मध्यवर्ती बँक, मुख्यालय.

विषय : जप्त केलेला प्रवेशपास परत मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्यावर 'पतधोरण फोडल्याचा' ठपका ठेवणारे आपले पत्र.

महोदय,

मी अर्जदार गेली बावीस वर्षे मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावर गव्हर्नरसाहेबांचे केस कापतो. आजवर चार गव्हर्नर माझ्या कात्रीखालून गेले. एकाच्याही कानाला लागले नाही.

१. घडले ते असे. गेल्या खेपेस साहेब म्हणाले, फार नको, पावच कमी करा. मी पाव इंच कमी केले. तिथून दुकानात येऊन एका गिऱ्हाइकाची दाढी करताना सहज बोलून गेलो की साहेबांनी या वेळी पावच कमी करायला सांगितलंय. गिऱ्हाईक नेमके शेअर दलाल! त्याने पाव टक्का समजून, व्याजदर उतरणार म्हणून, अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून धूम ठोकली. दुपारपर्यंत बाजार वर. शुक्रवारी आपल्या समितीने दर पाव टक्क्याने वाढवला आणि दलाल तोंडावर आपटला. ध चा मा त्याने केला आणि पास माझा गेला. त्याची अर्धी दाढी अद्याप प्रलंबित आहे.

२. दुकानात 'कपात', 'वाढ', 'पाव' व 'स्थिर' हे शब्द उच्चारणार नाही, असे आपण लेखी मागता. महोदय, मग गिऱ्हाइकाला डोके स्थिर ठेवा हे कसे सांगावे? मध्यंतरी एकाला नुसते हलू नका म्हणालो, तर त्याने ठरलेली गाडीची खरेदी रद्द केली.

३. दर चढला की कर्ज महागते, लोक हात आखडतात आणि महागाई नरमते, एवढे ऐकून ऐकून मलाही कळते. परंतु आता लोक दराची वाटच बघत नाहीत, साहेबांचे डोके बघतात. सात आठवडे कात्री न लागल्याने टीव्हीवर साहेबांचे केस कॉलरला टेकलेले दिसले. झाले! 'वाढ होऊ देताहेत' असा बोभाटा झाला. कापडवाल्याने खरेदी थांबवली. माझ्या सख्ख्या मेहुण्याने घराचा व्यवहार मोडला आणि वर मलाच म्हणतो, भावजी, घरच्या माणसाला तरी आधी सांगायचं. समितीने बसून जे करायचे, ते सध्या साहेबांची मानच करते आहे.

४. माझ्याकडून एक चूक झाली, ती कबूल करतो. गिऱ्हाईक रोडावले म्हणून दुकानावर पाटी लावली : 'पुढील महिन्यापासून दरात कपात.' त्या दिवसापासून एक माणूस खुर्चीत बसलेला नाही. सगळे म्हणतात, थांबू की, स्वस्त होणारच आहे. बायको म्हणते, आता आधी स्वतःच्या जिभेला कात्री लावा.

५. साहेबांच्या उजव्या कानामागे भोवरा आहे. तो फक्त मला ठाऊक. उद्या कोणी नवखा तिथे मशीन फिरवील, तर तुऱ्यासारखे केस उभे राहतील आणि त्याचा अर्थ बाजार काय लावील, देव जाणे! खरे सांगायचे तर बाजाराचे मला काही नाही. बावीस वर्षांचा हात आहे हो माझा. साहेबांच्या मानेवर दुसऱ्याची कात्री फिरली तर मला बघवणार नाही.

सबब, पास परत देऊन बुधवारच्या बैठकीपूर्वी मला दहा मिनिटे मिळावीत. तोंडावर पट्टी बांधून काम करण्याचीही तयारी आहे.

आपला नम्र, हात रिकामा असलेला,
(सही)
मुख्यालयाचा केशकर्तनकार (तूर्त माजी)
दिनांक : १२, सोमवार

सोबत : १) आपल्या पत्राची झेरॉक्स. २) पाव इंचावर खूण केलेली पट्टी.

ता. क. : हा अर्ज टाइप करणाऱ्याने शेवटी हळूच विचारले, काका, कपात की वाढ? आपल्या आदेशाचा मान राखून मी अवाक्षर काढले नाही. त्यावरून 'जैसे थे' असे समजून तो मशीन तसेच सोडून बाजारात पळाला, तेव्हा ही ओळ मी हाताने लिहीत आहे. माझे गप्प बसणेही फुटते आहे, महोदय. तर निदान केस तरी कापू द्या.