हलक्या पाण्यातली मटकी

३ फेब्रु., मंगळ.
प्रशांत आणखी दोन खोकी टाकून गेला. हिच्या, सुमनच्या, बहिणीचा मुलगा, म्हणून गप्प बसायचं. घाटकोपरला मेट्रोखाली दुकान टाकलंय भामट्याने. ‘हलकं पाणी’ विकतो. म्हणे नळाच्या पाण्यात जड हायड्रोजन असतो, तो शरीर बिघडवतो, यांनी तो काढलाय. "मावशी, हे पी. शुगरच्या गोळ्या सोडून दे." सुमनने खरंच सोडल्या. चार दिवस झाले.

४ फेब्रु.
मी सातवी पास. पण प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात जन्म गेला. जड पाणी पाहिलंय. दिसायला साधंच. तिथल्या सरांनी त्यात गहू भिजवले होते, मोड आलेच नाहीत. शेजारच्या साध्या पाण्यातल्यांना आले. सर म्हणाले, हायड्रोजन जड झाला की पेशीतली एन्झाइमं सुस्तावतात, कामं रखडतात. पण ते निव्वळ जड पाणी! नळात असतो तो नखभर. जन्मभर तेच पितोय.
प्र.ला फोनवर हे सांगितलं. "काका, तुम्ही बाटल्या धुवायचात ना? मग धुवा की." फोन स्पीकरवर होता. सुमन हसली. तिचं हसणं जास्त लागलं.

५ फेब्रु.
सारखी तहान तहान करते. पायाला मुंग्या. गोळी घे म्हटलं, तर "तुम्ही त्या पोरावर जळता."
"मग मर," म्हणालो. बोलायला नको होतं.

६ फेब्रु.
दोन वाट्यांत मटकी भिजवली. एकीत नळाचं पाणी, एकीत प्र.चं. सुमन म्हणाली, "बघूच!"

८ फेब्रु., रवि.
दोन्हीकडे मोड. सारखेच.
"बघ. साधं पाणी आहे."
"माझे लांब आहेत."
पट्टी आणून मोजले. सारखे.
"पट्टी तुमची," म्हणाली.
वाटी आपटली मी. डॉक्टरकडे चल म्हटलं, नाही आली.

९ फेब्रु.
तिला पुन्हा मटकी भिजवायला लावली. ती अंघोळीला गेल्यावर तिच्या वाटीत मूठभर मीठ ढवळलं. सरांनी हाकललं असतं मला. पण दुसरं काय करू? ती ऐकतच— दार वाजलं, आली.

११ फेब्रु.
नळाच्या मटकीला मोड, तिच्या मटकीला एकही नाही. प्र.ला मुद्दाम बोलावला होता. "बघ तुझं पाणी! बी मारतंय."
"मटकीच सडकी असेल, काका."
"दोन्ही एकाच डब्यातली."
सुमन उठली. "प्रशांत, खोकी उचल. पुन्हा आणू नकोस." त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
दुपारी जेवणाआधी तिने गोळी घेतली. माझ्यासमोर.

१२ फेब्रु.
वाया कशाला घालवायची म्हणून सुमनने ती मोड न आलेली मटकी धुऊन आज उसळीत टाकली. मला ठाऊकच नव्हतं. पहिला घास घेतला आणि थांबली.
"मीठ मी एकदाच घातलंय."
मी भात कालवत राहिलो.
"तुम्ही केलंत?"
तुझ्यासाठीच, म्हणालो.
"तो एक खोटारडा आणि तुम्ही एक." ताट सरकवून उठली. आतून तिचा फोनवरचा आवाज आला, "प्रशांत, ये जरा." बाकीचं ऐकू आलं नाही.
पाण्याचा तांब्या आणि गोळी तिच्या ताटाजवळ ठेवून बसलोय. अजून बाहेर आलेली नाही.