सव्वा महिन्यानंतरची पाठ

आई गो,

मांडवीला समुद्रासमोरच्या बाकावर बसून, वाणसामानाच्या यादीमागे हे लिहितेय. मानेवर अजून तेल आहे. मालिश अर्धवट टाकून पळून आले! एक्कावन्न वर्षांची बाई, आणि "गॅस चालू राहिला" अशी थाप मारून, ब्लाउज उलटा घालून रिक्षात बसले. तू जाऊन वर्ष होत आलं, तरी हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

डॉक्टरांनीच सुचवलं होतं गो. पाळी जायला लागल्यापासून सगळं अंग आंबलंय, मान वळत नाही, झोप नाही, घरात सगळ्यांवर खेकसते. मारुती मंदिराजवळ एक मुलगी फक्त बायकांना मालिश करते. घरी "बँकेत जाऊन येते" म्हणाले. तिने पाठीवर हात ठेवून विचारलं, "काकी, इथे दुखतंय ना?" बस्स. मला तुझी पाठ आठवली आणि मी ताडकन उठून बसले.

सायलीच्या वेळचं बाळंतपण आठवतं? शेवंताबाय रोज येऊन मला आणि पोरीला चोळायची, शेक द्यायची. सव्वा महिना तू शेजारी उभी राहून सगळं करून घेतलंस. शेवटच्या दिवशी मी मागच्या पडवीत आले, तर तू पालथी पडलेली आणि शेवंता तुझी कंबर चोळतेय. मी ओरडले, "आई, तू काय बाळंतीण आहेस?" अण्णा हसले, शेजारची माई हसली. शेवंता तेवढी म्हणाली, "बाय गो, म्हाताऱ्या होणाऱ्यांना पण हाडं असतात." तू पदर सावरलास आणि थेट बांगडे साफ करायला बसलीस. तेलकट हातांतून ते निसटत होते, त्यावरही आम्ही हसलो.

तू तरी का उठलीस? दोन शिव्या हासडायच्या होत्यास मला! एवढी कसली लाज?

तेव्हा तू माझ्याच आत्ताच्या वयाची होतीस. पुन्हा कधी कोणाकडून चोळून घेतलं नाहीस. पंचवीस वर्षं खांबाला पाठ घासून "जरा बरं वाटतं" म्हणायचीस. मी पट्टे आणले, मलमाच्या ट्यूबा आणल्या, आणि ट्यूब तुझ्याच हातात द्यायचे. स्वतःच्या पाठीला कोणाचा हात पोचतो गो? एवढंही मला सुचू नये?

दुखणं गेलं असतं की नाही, देव जाणे. पण तुलाही कोणी विचारलं असतं, इथे दुखतंय का म्हणून. मी तुझी पाठ पहिल्यांदा चोळली ती तुला अखेरची आंघोळ घालताना. तेव्हा विचारून काय उपयोग!

शुक्रवारी परत जाणार आहे. मालिशला जातेय, असं घरात मोठ्याने सांगून जाईन. हसणारे हसोत. आणि त्या मुलीने विचारलं तर खरं सांगेन, हो, दुखतंय. रडू आलं तरी वेळ संपेपर्यंत उठणार नाही आई, तुझी शपथ.

तुझी,
नलू